मांडवाचा उंबर

रविदादा,

मला मुलगी झाली, ते आयनं सांगितलंच असेल. बारशाचं आमंत्रण तुला फोनवर येईल. हे पत्र मात्र मी धाडणार नाय, म्हणून मनातलं लिहिते.

माझ्या लग्नात मांडवाला उंबर नव्हता. आपल्यात उंबराची डहाळी मामानं आणायची असते. रघूमामा अभयारण्यात गेला, झाडाला हळदकुंकू वाहिलं, पाया पडला आणि हातभर एक डहाळी तोडली. गेटवर गार्ड तू होतास. मामाला तू ऑफिसात बसवलंस आणि डहाळी मुद्देमाल म्हणून जमा केलीस. मला हळद लागली तेव्हा मामा तिथंच बसून होता. घरी आल्यावर म्हणालास, "नियम सगळ्यांना सारखा, भावना." मग वर्दी काढून जेवायला बसलास.

जंगल राखायला पाहिजे, ते मला पण कळतं. तो उंबर मामाच्या आज्यानं राखला, म्हणून आज तुला राखायला मिळाला. शनिवारी जंगलात पार्टी करायला येणाऱ्यांच्या गाड्यांना सलाम ठोकून गेट उघडतोस, तेव्हा तो नियम कुठं जातो? मामा त्या दिवसापासून आपल्या दारात आला नाय.

बारशाला ये. शहापूरहून लांब पडतं असं सांगू नको, मुरबाडहून आमच्या टोकावड्याला यष्टी आहे. पोरीला मांडीवर घे. तिचा मामा तूच. उद्या तिच्या मांडवाला उंबर तुलाच आणायचाय. तेव्हा गेटवर कोणाचा भाऊ उभा असेल, ते मला बघायचंय.

तुझी बहीण,
भावना