शिंपी थरथरला, मी किंचाळले

तीर्थरूप मावशीस, तुझ्या घाबरट भाचीचा लांबूनच, पण वाकून नमस्कार.

तुझे गुडघे काय म्हणतात? काकांचं वजन आणि आवाज दोन्ही पूर्वीसारखेच असतील असं धरून चालते. इकडे सगळे बरे आहेत. माझंच काही खरं नाही. पुढच्या सोमवारपासून अँब्युलन्सवरच्या कामाचं प्रशिक्षण सुरू होतंय, आणि तिथल्या बाईंनी बजावलंय की येताना ईसीजी वाचता आला पाहिजे. (मी आजवर चपलांच्या दुकानात मापं काढली. तिथे चुकलं तर फार तर गिऱ्हाईक लंगडत परत यायचं.)

आपली वहिनी दवाखान्यात ईसीजी काढते. तिने डॉक्टरांना विचारून मला शेजारी बसवून घेतलं. मी पुस्तक पाठ करून गेले होते: ठोक्यांमधली अंतरं सारखी असली तर ठीक, रेघ सैरभैर झाली तर धावा. पहिलेच आले एक शिंपी. वहिनीने त्यांच्या छातीला वाट्या आणि हातापायांना चिमटे लावले, आणि पडद्यावरची रेघ एकदम पिसाळली. मी किंचाळले, दोन्ही हात त्यांच्या छातीवर रोवले, आता दाबणार एवढ्यात खालून आवाज आला, "बाई, मी गेलो की मीच सांगेन. आधी तो पंखा बंद करा, कुडकुडतोय मी!" अंग थरथरलं की रेघही थरथरते, हे पुस्तकात पुढच्या पानावर होतं. (मी त्या पानापर्यंत पोचले नव्हते.) बाहेर बसलेल्यांपैकी दोघं ईसीजी न काढताच घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ठरवूनच गेले, तोंडातून ब्र काढायचा नाही. एक बसचालक आले. पोटात जरा जळजळतंय म्हणाले, आणि मुलीच्या नव्या नोकरीचं कौतुक सांगत पडून राहिले. रेघ कशी, पाटीवर गिरवल्यासारखी. मी अंतरं मोजली, सगळी सारखी. न राहवून म्हटलं, "छान आहे." वहिनीने माझ्याकडे पाहिलंही नाही. उठली आणि डॉक्टरांना घेऊनच आली. ठोके वेळेवर पडत होते गं, पण प्रत्येक उंच टोकानंतर रेघ जिथे खाली यायला हवी तिथे येतच नव्हती, वरच अडकत होती. मुलीचं कौतुक चालू असतानाच झटका चालू होता, माझ्यादेखत. अँब्युलन्स आली, ते वाचले. काल त्यांनी वहिनीला फोन करून माझी चौकशी केली. "ती पोरगी छान म्हणाली, म्हणून मी घाबरलो नाही," म्हणे. थंडीने कुडकुडणाऱ्याला मी मेलेल्यात काढलं, आणि खरंच जाऊ घातलेल्याला छान म्हटलं. उद्या अँब्युलन्समध्ये वहिनी नसेल.

म्हणून नाव काढून घ्यायचं ठरवलंय. आईला हे तूच सांग. तुझ्यावर ती एकदाच ओरडेल, मला रोज ताटावर ऐकवेल.

तुझी भाची

ता. क. दुकानात माझी जागा अजून भरलेली नाही. विचारून ठेवलंय.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवता चिकटवता तुला फोन केला, तर नेहमीप्रमाणे काकांनीच उचलला. तू आंघोळीला गेली होतीस. हसत हसत म्हणाले, जिना चढला की हल्ली जबडा दुखतो, छातीवर कोणी बसल्यासारखं होतं, थांबलं की जातं. दाताचं असेल, तुझ्या मावशीला सांगू नकोस. मावशी, दात जिना चढत नाही. मी चुकत असेन. चुकले तर जन्मभर हसा मला. पण परत फोन केला तर तेच उचलतील आणि उडवून लावतील, म्हणून दादाच्या हाती हे पत्र. वहिनीने यंत्र तयार ठेवलंय, मीही तिथेच थांबतेय. आईशी इतक्यात काही बोलू नकोस. दादाला चहापाणी विचारत बसू नकोस, त्याने गाडी चालूच ठेवलीय. काकांना चपला घालायला सांग.