कोरी मुळं

ऑगस्ट, मंगळवार, संध्याकाळ

आज माझ्या बायकोने, वर्षाने, गावातल्या बायांना आमच्या वावरात आणलं. सोयाबीन पेरायच्या आधी तिने बियाण्याला स्वतः तयार केलेलं जिवाणू खत चोळलं होतं. हे जिवाणू मुळांवर गाठी करतात, हवेतला नत्र झाडाला देतात, मग युरिया कमी लागतो, असं ती समजावत होती. तिने एक झाड उपटलं. मुळं जवळजवळ कोरी. दुसरं उपटलं, तेही तसंच.

"माह्यंच खत बिघडलं असन," ती म्हणाली. "तुमी वापरू नका बाई."

मी बांधावरच उभा होतो. पेरणीच्या सकाळी तिच्या नकळत त्या बियाण्याला बुरशीनाशक मीच लावलं होतं. तिच्या खतावर भरवसा नव्हता, दुसरं काय? त्यानेच जिवाणू मेले असणार. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. लाज वाटली म्हणून गप्प बसलो? आणि तिला सगळ्यांसमोर वाटली ती लाज?

घरी आल्यावर सांगितलं. पोळी लाटता लाटता तिचा हात थांबला.

"औषधाचं जाऊ द्या, भेव वाटलं असन. पन मी बायाइसमोर तशी उभी होती, तवा काऊन नाई बोलले?"

उद्या सगळ्यांना बोलावून सांगतो, म्हटलं.

"बोलावू नका. त्याइच्या घरी जाऊन सांगा."

जाईन. ती कोरी मुळं डोळ्यांपुढून हलत नाहीत. पहिलं घर माझ्या वहिनीचं. वावरात वर्षा खत बिघडलं म्हणाली, तेव्हा तीच मोठ्याने हसली होती. आणि तिच्यासोबत मीही हसलो होतो.