दुसऱ्या बटणाचा दिवा

मिलर्स फोर्ड, आयोवा
१४ नोव्हेंबर

प्रिय व्हर्ना,

तू आणि हेझल, दोघी बहिणी ओहायोत खुशाल असाल. मीही खुशाल आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. पानगळ संपत आली. काल मेपलखाली उभा राहून शाळेतली शरदाची कविता अख्खी म्हटली. ऐकायला शेजाऱ्यांचं कुत्रं होतं, तेही अर्ध्यातून उठून गेलं.

या डब्यानं मात्र जीव नकोसा केलाय. तुलाच हौस! "अरे ऑरिन, कोण कुठलं चॅनल बघतं ते मोजणाऱ्या कंपनीनं आपलं घर निवडलंय!" म्हणत तो टीव्हीवर बसवून घेतलास आणि महिन्याभरात निघून गेलीस. टीव्ही लावला की हा विचारतो, बघतंय कोण? पहिलं बटण माझं, दुसरं तुझं; दाबलं की त्याचा दिवा लागतो. दाबलं नाही तर उचकी लागल्यासारखा लुकलुकत राहतो.

त्यात नोव्हेंबर म्हणजे मोजणीचा महिना. प्रेक्षक खेचायला चॅनल अकराला दरवर्षी वेड लागतं. सोमवारी 'तुमच्या स्पंजात काय लपलंय?', मंगळवारी 'तुमच्या गादीत काय लपलंय?' अरे, लपू द्या की बिचाऱ्याला!

आणि तुझा तो हवामानवाला, डेनी क्राउस. त्याच्यावरूनच तर आपलं वाजलं. त्याचा आवाज बंद करून मी तुला पावसाची कविता ऐकवत होतो, आणि चर्चच्या विक्रीसाठी शिवलेली तुझी गोधडी बाहेर दोरीवर भिजत होती.

"चाळीस वर्षं तुझ्या कवितेत पाऊस पडतोय, ऑरिन! अंगणात कधी पडणार ते तरी ऐकू दे!"

बॅग भरताना विचारलं, परत कधी येशील? म्हणालीस, "डेनीला विचार."

आता न्हाव्याकडे कळलं, की या महिन्यात प्रेक्षकांचे आकडे पडले तर डेनीची नोकरी जाणार, त्याच्या जागी चॅनल नुसता नकाशा दाखवणार. आपल्या भागात असे डबे मोजकेच, म्हणून एकेका घराला शेकडो घरांचं वजन. गेला तर जाऊ दे, मला काय त्याचं! पण संध्याकाळ झाली की चॅनल अकरा लागतंच. कोण लावतं? मीच, मूर्ख.

मंगळवारी कंपनीची बाई आली, रोझालिन नावाची. तुझ्या खुर्चीवरचे माझे वर्तमानपत्रांचे गठ्ठे तिनं बघितले.

"मिस्टर व्हलासेक, तुमच्या मिसेस दररोज बातम्या बघतात?"

"न चुकता."

"आहेत कुठे?"

"ओहायोत."

"आणि तिथून इथलं बटण दाबतात? हात भलताच लांब आहे हो त्यांचा!"

"दोन दिवे लागलेले बरे दिसतात," मी म्हणालो.

ती हसली नाही. घरात नसलेल्या माणसाचं बटण दाबायचं नसतं, म्हणे. तुझ्या नावावर मोजलेलं सगळं रद्द. म्हणजे डेनीला वाचवणंही जमलं नाहीच. जाताना तिनं विचारलं, "त्या परत येणार आहेत, की नाव काढून टाकू? पुढच्या शुक्रवारी येते, तेव्हा सांगा."

'काढा' म्हणायला तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. मला, व्हर्ना! पानंच्या पानं पाठ असलेल्या मला!

तेव्हापासून दुसरं बटण दाबत नाही. मेला डबा पुनःपुन्हा विचारतो, बघतंय कोण? मी एकटाच. डेनी बोलतो तेव्हा तोंड मिटून ऐकतो. पुढच्या शुक्रवारपर्यंत रस्ते कोरडे राहणार आहेत. तू विचार म्हणाली होतीस, विचारलं.

गठ्ठे हलवलेत. गोधडी वाळवून, घडी घालून तुझ्या खुर्चीवर ठेवली आहे.

रोझालिनला काय सांगू?

पहिल्या बटणाचा,
ऑरिन