विसावा सोसायटी विरुद्ध मी

गांधीधाम, ४ ऑगस्ट १९९६, रविवार
आणि परत वाढवलाच! साठाचा पंच्याऐंशी. मे महिन्यात मी स्पष्ट कळवलं होतं की मेंटेनन्स हा शब्दच मला मान्य नाही. तरी नोटीस. आबानं, म्हणजे माझ्या बापानं, तीस वर्षं साखर कारखान्याच्या गेटवर राखण केली, रिटायर झाला, फंडाच्या पैशात भवानीनगरजवळ विसावा सोसायटीत दोन खोल्या घेतल्या. बेचाळीस घरं, सगळे रिटायर. घर आपलं, भिंती आपल्या, मग दर महिन्याला पैसे कशाचे? तर गवत कापायचे, पंपाचे, ऑफिसातल्या फोनचे आणि वॉचमनचे. वॉचमनच्या दाराला वॉचमन!
मेपासून मी एक रुपया पाठवलेला नाही. हा बहिष्कार आहे. राहिलेल्या पैशात वॉकमन घेतला, पण तो विषय वेगळा. लढणाऱ्या माणसाचं मन ताजं पाहिजे.
ठराव: माघार नाही.

६ ऑगस्ट, जेवणाची सुट्टी
चेअरमनला पत्र टाकलं. तीन पानं. आठवी नापास माणसाचं आहे असं कोणी म्हणणार नाही. वखारीत लाकडं मोजतो म्हणून काय झालं? मोजणाऱ्यालाच माप कळतं. शेवटी टाकलं, ‘अन्यथा होणाऱ्या परिणामास आपण जबाबदार’. परिणाम कोणता ते अजून ठरवायचं आहे.

२० ऑगस्ट
उत्तर आलं. चेअरमन म्हणजे रामहरी तात्या. कारखान्यात टाइम ऑफिसला होता, दोन मिनिटं उशीर झाला की अर्धा दिवस कापायचा. लिहितो, ‘चि. रविराज यास अनेक आशीर्वाद. सभासद तुझे वडील आहेत, तू नाहीस. एक ऑक्टोबरपर्यंत बाकी न आल्यास नळ तोडण्यात येईल.’
घाबरलाय. नाहीतर आशीर्वाद कशाला दिले असते?

२५ ऑगस्ट, रविवार
एसटीडी बूथवरून सोसायटीच्या फोनवर फोन केला. (त्या फोनला माझा विरोध कायम आहे. पण आहे तर वापरायचा.) तात्यानंच उचलला. आबाला बोलवायला वॉचमन पाठवला. आबा येईस्तोवर मीटर सव्वीस रुपयांवर.
आबा म्हणाला, "लेका, लावून दे की पैसं. हितं समदे भरत्यात. नळ तुटला तर तुझ्या आईनं पाणी कुठनं आणायचं?"
मी म्हणालो, आबा, हा तत्त्वाचा प्रश्न आहे.
"आसंल. पर तत्त्वाला तहान लागत न्हाय, तुझ्या आईला लागती."
आबा भोळा आहे. त्याला त्याचे हक्क कळत नाहीत. मला कळतात, म्हणून मला झोप लागत नाही.

२ सप्टेंबर
सुचलं! हातातला मोजायचा टेप टाकून ओंडक्यावर बसलो. गवत कापायला सोसायटी दर महिन्याला सहाशे रुपये घालवते. आणि आपल्याकडं? शेतकरी रानात रात्रभर मेंढरं बसवून घेतो, त्याला लेंड्यांचं खत मिळतं, वर तोच मेंढरंवाल्याला ज्वारी देतो. माझा चुलतभाऊ बिरदेव. सव्वाशे मेंढरं. दिवाळीपर्यंत मुक्काम सोसायटीजवळच्या कळंबलाच. म्हणजे गवत फुकटात साफ, खत सोसायटीला, ज्वारी आपल्याला. बाकी राहिली बाजूला, सोसायटीच आमचं देणं लागणार. बेचाळीस रिटायर डोक्यांत एवढं एकालाही सुचू नये?
बिरदेवला कार्ड टाकलं.

१४ सप्टेंबर
बिरदेवचं कार्ड. ‘दादा, सोसायटीची परवानगी हाय का?’ लगेच कळवलं, आहे. सभासदाचा मुलगा या नात्यानं मी दिली.

२९ सप्टेंबर, रविवार
फोन केला. तात्या इतका ओरडत होता की मी बूथचं दार लावून घेतलं.
झालं असं. गुरुवारी संध्याकाळी बिरदेव कळप घेऊन गेटवर आला. वॉचमन सोडेना. आबा पुढं झाला, म्हणाला, "सोड रं, माझा पुतण्या हाय, भेटायला आलाय." पुतण्या आला तो सव्वाशे पाहुण्यांसकट. मेंढरांनी गवताला तोंडसुद्धा लावलं नाही म्हणे. आधी गुलाब, मग कोवळी मेंदी, शेवटी शेजारच्या गोजरबाईंची तुळस. सकाळी फिरायला निघालेले म्हातारे लेंड्या चुकवत उड्या मारत चालले होते. (व्यायाम तर झाला!) आणि बिरदेव रीतीप्रमाणं पोतं घेऊन घरोघर. "मेंढरं बसवली, ज्वारी घाला."
गोजरबाई म्हणाल्या, "ज्वारी पायजे व्हय? आधी माझी तुळस काढ त्या मेंढराच्या पोटातनं!"
आबाला सगळ्यांसमोर हात जोडावे लागले. दंड सहाशे.
माझं मत: योजना बरोबर होती. मेंढरं चुकीची होती.

३ ऑक्टोबर
तेरा तारखेला सोसायटीची विशेष सभा. आता मुळावरच घाव घालायचा. वॉचमनच काढायचा. आबाला भाषण लिहून रजिस्टरनं पाठवलं. ‘मी स्वतः तीस वर्षं वॉचमन होतो. राखण काय असते ते मला माहीत आहे. आपण पाळी लावून राखू, पगार वाचवू.’ खाली सूचना: इथं टेबलावर मूठ आपटावी.

१३ ऑक्टोबर, रविवार, सकाळी दहा
आत्ता आबा उभा राहिला असेल.
सव्वादहा. मूठ आपटली असेल.

२६ ऑक्टोबर
सभेच्या इतिवृत्ताची नक्कल आली. ठराव क्रमांक चार. वॉचमनला बूट व स्वेटर द्यावा, पगार वाढवावा, त्यासाठी नोव्हेंबरपासून मेंटेनन्स शंभर रुपये करावा. सूचक, श्री. दत्तोबा. अनुमोदक, श्रीमती गोजरबाई. एकमताने मंजूर.
दत्तोबा म्हणजे आबा.
सोसायटीत दुसरा कोणी दत्तोबा आहे का, याचा दिवसभर विचार केला. नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार
आबाला फोनवर विचारलं, भाषणाचं काय झालं?
"वाचलं की. दोनदा वाचलं. पर त्यो दारातच हुबा हुता. त्याच्या तोंडावर कसं म्हनू, ह्याला काढा?"
मी म्हणालो, तो सोसायटीचा नोकर आहे.
"आन मी कोन हुतो? तीस वरसं हुबा हुतो, येका सायबानं कदी पायाकडं बघितलं न्हाय. गळीत चालू आसताना थंडी गुडघ्यात कशी शिरती, मला ठाव हाय. ह्यो बिचारा स्लीपरवर हुबा राहतो आन सकाळ-सांच्याला मला सलाम ठोकतो. मला, रवी! पैल्या दिवशी मी मागं वळून बघितलं, कुनाला ठोकतोय म्हून."
मग मी विचारलं, पाणी येतं ना?
आबा म्हणाला, "येक तारखेलाच तोडला नळ. वाचमनच दोन हंडे आनून देतो. तुझी आई त्याला भाकरी देती. चाललंय." मग म्हणाला, "तुला कळवलं न्हाय. तू लढाईत हुतास."
मी रिसिव्हर धरून मीटरचे आकडे बघत राहिलो. बावीस रुपयांवर ठेवला.

२८ ऑक्टोबर, दुपारी, पोस्टात
शेटकडून उचल घेतली. ही माघार नव्हे, हे नोंदवून ठेवतो. मेपासूनची बाकी, दंड, नळजोडणी, नोव्हेंबरचे शंभर आगाऊ. बुटासाठी दोनशे वेगळे घातले, सोसायटी घेईल ते चार महिन्यांत उसवतील म्हणून. मनीऑर्डरच्या फॉर्मवर मजकुराला जागा अगदी थोडी असते, नाहीतर तात्याला चार ओळी सुनावल्या असत्या. जागा तशीच सोडली.
रुपये तेराशे पंच्याऐंशी फक्त.