म्हातारीचा प्रवेश

प्रिय धाकट्या,

आठवडाभर राग आवरत होते. आवरला नाही, म्हणून तसाच पाठवते आहे.

बाबांचा हात आता हलतो, जीभ मात्र हलत नाही. आपल्या लोकांच्या नाटकात तीस वर्षं म्हातारी रंगवणारा माणूस पाणीसुद्धा खुणेने मागतो. नाटक कुठे लिहिलेलं नाही. ज्याची भूमिका त्याच्या तोंडात. म्हातारी त्यांनी तुला शिकवली, मला नाही, कारण मी मुलगी. मी आपली शिलाईयंत्रावर बसून तिच्या झग्याला ठिगळं लावायचे आणि तू अडखळलास की पुढचा शब्द पुटपुटायचे. आठवतं का रे?

नाट्यगृहाच्या कार्यालयाचं पत्र आलं. नाटक अर्ध्या तासात उरका, आपली बोली सोडून सगळ्यांना कळेल अशा भाषेत करा आणि म्हातारीचा प्रवेश गाळा. पाहुण्यांचा अपमान होतो म्हणे! अरे, पहिल्या रांगेतल्या मोठ्या माणसाला नाव घेऊन उभं करायचं, वर्षभरात त्याने काय दिवे लावले ते तोंडावर सांगायचं आणि त्याने निमूट ऐकायचं, यासाठीच तर आपलं नाटक. ते गेलं की उरतात नुसते रंगीत कपडे. सुतारकाका म्हणाले, जमवून घेऊ, आपली साठच घरं. मी त्यांना असं फैलावर घेतलं की त्यांनी स्वतःचा कारखानाच प्रयोगासाठी दिला. सध्या भुसा झाडून बाकं आणि पुढे खुर्च्या मांडतो आहोत.

म्हातारी मी करते आहे. पहिल्या तालमीला, तू जिथे अडखळायचास तिथे मी आपोआप थांबले आणि पुढचा शब्द पुटपुटले. बाबांनी काठी आपटली. पुन्हा तसंच झालं, पुन्हा आपटली. तिसऱ्यांदा मी न थांबता बोलत गेले आणि काठी गप्प राहिली. मला रडू फुटलं.

कार्यालयाच्या त्या पत्राखाली सही तुझी होती. बाबांना वाचून दाखवताना मी तेवढीच गाळली. प्रयोग रविवारी दुपारी चारला आहे. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची तुझी. म्हातारी नाव घेईल तेव्हा उभा राहा आणि ऐकून घे. आला नाहीस तर खुर्ची रिकामी राहील, पण मी तिच्याकडे बघून सगळं बोलणार आहे, बाबांच्या देखत, आपल्या बोलीत, एक शब्दही न गाळता.

तुझीच,
ताई