दुसरीकडून घ्या

३ फेब्रुवारी
साहेबांचं मत बदललं! जेवायला बसताना ऑक्सिजन कंपनी 'लुटारू' होती, हात धुताना 'देशाचा श्वास' झाली. मधल्या वेळात कंपनीचा माणूस — ऑफिसात सगळे त्याला गोडबोल्या म्हणतात — निवडणुकीचा सगळा खर्च उचलतो म्हणून सांगून गेला. कंपनीवर मक्तेदारीचा खटला आहे. तो पुढे न्यायचा की गुंडाळायचा, हे साहेबांची समिती सांगणार. भाषण अर्थात मीच लिहायचं.

५ फेब्रुवारी
वाक्य जमलं! 'ज्याला दर पटत नाही, त्याने दुसरीकडून घ्यावं!' साहेबांनी आरशासमोर म्हणून पाहिलं. खूश. गोडबोल्या म्हणाला, "मॅडम, पण दुसरीकडे कुणीतरी उरलेलं दाखवायला हवं हो." खरंच की. शहरातले बाकी सगळे सिलिंडर भरणारे कंपनीने गिळलेत. उरलेत एकटे दाजी, माझ्या ताईचा नवरा.

६ फेब्रुवारी
दाजी आले, आईचा ऑक्सिजनचा सिलिंडर बदलायला; तिला त्याशिवाय श्वास पुरत नाही. हाताखाली माणसं असून स्वतः येतात, सासूबाईंच्या बाबतीत कुणावर भरवसा नाही म्हणे! आईचाही माझ्यापेक्षा त्यांच्यावरच जीव.

घरी ताईजवळ रडतात — भरायचा ऑक्सिजन कंपनीच्याच टँकरमधून घ्यावा लागतो, ते दर चढवत नेतात, धंदा मरतोय. पण चारचौघांत? मिशीला पीळ! परक्यासमोर 'नाही परवडत' हे शब्द या माणसाच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत.

म्हटलं, "दाजी, समितीसमोर बोलाल?"
"मी? काय बोलू?"
"विचारतील त्याचं उत्तर द्या."
बिचारे नवा कोट शिवायला गेले.

११ फेब्रुवारी
झालं! समोर कॅमेरे. साहेबांनी माझाच प्रश्न वाचला, "धंदा कसा चाललाय?" दाजी ताठ झाले. "उत्तम! आम्ही कुणाच्या बापाला घाबरत नाही." मागच्या रांगेत ताईने कपाळावर हात मारला. साहेबांनी लगेच माझं वाक्य टाकलं, बाकं वाजली. खटला गुंडाळा — शिफारस झाली.

हसू दाबताना माझं पोट दुखलं.

१२ फेब्रुवारी
बढती! वेगळी केबिन!

२० फेब्रुवारी
दाजींकडे येणारा कंपनीचा टँकर बंद. दुरुस्तीला गेलाय म्हणे. सगळेच टँकर एकदम!

घरी येऊन खाली मान घालून बसले. "तुझी तिथे ओळख आहे. एक शब्द टाक." माझ्या जिभेला कुठला धीर! "असं काय दाजी, तुम्ही तर कुणाच्या बापाला घाबरत नाही."

दाजी पाणीही न घेता उठले, आईचा सिलिंडर बदलला, काटा दोनदा तपासला. "माझ्याकडचा हा शेवटचा," म्हणाले. मला वाटलं, टोमणा मारतायत.

२३ फेब्रुवारी
काटा खाली आलाय. कंपनीत फोन केला — "तुमच्या भागात पुढच्या आठवड्यात." दाजींच्या फाटकाला कुलूप. ताई फोन उचलत नाही. शेवटी गोडबोल्याला लावला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, दुसरीकडून घ्या ना."

आई मघापासून विचारते आहे, "जावईबापू कधी येणार गं?"