उलटं वाचलेलं कॉमिक

वापी,
१२ नोव्हेंबर २०२५

चि. शिवकन्या हिला वीरेशदादाचा आशीर्वाद.

आईला, अप्पाला शरणार्थ सांग. मी बरा हाय. इथं ज्वारीची भाकर मिळत न्हाई, बाकी समदं मिळतं.

तुझं कॉमिक पोचलं. पॉपस्टार व्ही म्हणजे मीच ना? केस सराट्यासारखे, डोळे बशीएवढे. आन आपल्या म्हशीला काळा चष्मा घालून ड्रमवर बसवलीस. खोलीतली पोरं लई हसली. म्हणाली, तू खरंच लग्नात गायचास का रे? मी नुस्ती मान हलवली.

पण मी ते उलटं वाचलं. आपल्या पुस्तकासारखं डावीकडून धरलं. त्यात व्ही आधी मोठ्या स्टेजवर गातो, पोरी बेशुद्ध पडतात. मग उदगीरच्या लग्नाचा मांडव येतो. मग जळकोटची एसटी. शेवटी तो आपल्या अंगणात, बॅग खाली, तोंड मिटलेलं, आन तू त्याच्या हातात अंबिलीचा गिलास देतीस. मला वाटलं, तू मला घरी बोलवून राहिलीस. पांघरुणात तोंड घालून बसलो.

खोलीत भोकरचा इर्शादभाई हाय, उर्दू शाळेत शिकलेला. तो म्हणाला, "अबे येडे, उधर से नक्को, इधर से पढ. बहन ने ऊपर तीर बनाया ना, दिखता नै क्या?"

बाण होता खरा. तुझ्या त्या जपानी कॉमिकांसारखं उजवीकडून वाचलं तर व्ही अंबील पिऊन एसटीत बसतो, स्टार होतो आन कॉमिक संपतं. माघारी येतच न्हाई.

तू लिहिलंस, पुढच्या भागासाठी गाणं रेकॉर्ड करून धाड. आन दादा फोन का उचलत न्हाई म्हणून आई रोज इचारती. रागावलो न्हाई गं.

पोळ्याच्या टायमाला कारखान्यात रंगाच्या टाकीची वाफ सुटली, गळ्यात गेली. डॉक्टरबाई म्हणाल्या, जीव वाचला, आवाज आता एवढाच. एवढाच म्हणजे कानाला तोंड लावलं तर कळतं. फोनवर नुस्ती हवा जाती. ती हवा आईला कशी ऐकवू? म्हणून मेसेजमदी 'कामात हाय' लिहीत होतो.

आईला तूच सांग. घरात नको, रानात असताना सांग. तिथं तिला मोकळं रडता येतं.

येळवशीला, रानातल्या अवसेच्या पूजेला, येतो. कडब्याच्या कोपीभोवती फेरी मारताना आरोळी दरसाल माझी असायची, पल्याडच्या शिवारातनं लोक जवाब द्यायचे. अवंदा आरोळी तू दे. मी तुझ्या मागनं अंबील शिंपडत चालतो.

आन व्हीचं गाणं थांबवू नको. कागदावर त्याला आवाज लागत न्हाई. तोंड उघडं काढलं की झालं.

एसटी तू काढलीस तीच असंल, मी डावीकडून बसतो.

अंगणाकडं निघालेला,
तुझा दादा
वीरेश